गुंगी चढण्याआधी बोलून घे

पोरी, सर्जनकडे जायच्या आदल्या रात्री एक कागद घे आणि तुला काय हवंय ते लिही. आजाराचं नाव, औषधं, रिपोर्ट हे सगळं फाइलमध्ये असतंच. कागदावर तुझं असू दे: दुखल्याशिवाय ऑफिसात बसता यावं, की पू यायचा थांबावा, की काहीही झालं तरी शौचावरचा ताबा जाऊ नये, की येत्या वर्षा-दोन वर्षांत मूल हवं. यातलं आधी काय आणि नंतर काय, तेही ठरव. क्रोन्स या आतड्याच्या आजारात होणाऱ्या फिस्टुलात, म्हणजे गुदद्वाराजवळच्या पू वाहणाऱ्या नळीत (भगंदरात), सगळं एका ऑपरेशनात पदरात पडत नाही, म्हणून हा क्रम लागतो. माझी नोकरी सर्जिकल वॉर्डात गेली. तिथे पेशंटला हा प्रश्न विचारलेला मी फार क्वचित ऐकला. आता बदलतंय. २०२२ साली अनेक देशांतल्या तज्ज्ञांनी या फिस्टुलाची नवी वर्गवारी मांडली. नळी कायमची मिटवायचा प्रयत्न करायचा की त्रास आटोक्यात ठेवून नीट जगायचं, यातलं पेशंटला काय हवंय हेही तिच्यात धरलं जातं. दुसरा रस्ता निवडलास तर कमीपणा मानू नकोस.

एक वेळ मात्र निवडीची नसते. ठणका, ताप, बसताना टणक गाठ लागणं म्हणजे आत पू साठलाय. त्या दिवशी कागद बाजूला ठेवायचा आणि दवाखाना गाठायचा. पू आत असताना इन्फ्लिक्सिमॅबसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी इंजेक्शनं सुरू करत नाहीत. ती सुरू होण्याआधी टीबीची तपासणी झालीच पाहिजे, छातीचा एक्स-रे आणि रक्ताची किंवा कातडीवरची चाचणी. आपल्याकडे टीबी इतका आहे, आणि आतड्याचा टीबी नि क्रोन्स इतके सारखे दिसतात, की कुणी विसरलं तर तूच विचार.

आता दोऱ्याचं. सर्जन म्हणतील, ‘सीटॉन टाकू.’ लगेच विचारायचं, ढिला की कापणारा? ढिला दोरा नळी उघडी ठेवतो, पू वाहून जाऊ देतो, पुन्हा गळू होऊ देत नाही. कापणारा दोरा आवळत आवळत स्नायू चिरत जातो, आणि तो स्नायू म्हणजेच तुझा शौचावरचा ताबा. क्रोन्समध्ये कापणारा टाळतात, कारण फिस्टुला पुन्हा होऊ शकतो आणि दर वेळी थोडा थोडा स्नायू गेला तर शेवटी हाती काही उरत नाही. आपल्याकडे स्टँडसमोर मूळव्याध, फिशर, भगंदर असे फलक लागलेले असतात. साध्या भगंदरावर जाणत्या वैद्याच्या हातचं क्षारसूत्र काम करतं, पण तेही कापतच पुढे सरकतं. कुणाच्याही टेबलावर चढण्याआधी ‘मला क्रोन्स आहे’ हे तीन शब्द स्पष्ट बोल.

ढिला दोरा टाकायचा ठरला तर गाठ कशी बांधणार, तेही विचार. जाड गाठेचं टोक बसताना टोचतं, कपड्यात अडकतं, एसटीच्या बाकावर तासाभरात जीव नकोसा होतो. गाठ बारीक आणि बाजूला घेता येते, बिनगाठीचे दोरेही मिळतात. अशा गोष्टी बोलायला बायका लाजतात, पण तो दोरा महिनोन्‌महिने तुलाच वागवायचाय. तो कधी काढायचा, कुणी काढायचा आणि काढल्यावर पुढे काय, हेही टाकण्याआधीच ठरवून घे.

एमआरआय झाल्याशिवाय मोठं काही ठरवू नकोस. सर्जनना म्हणावं, कागदावर चित्र काढून दाखवा: स्नायू कुठे, नळी कुठून जाते, आतलं तोंड एकच आहे का. मग पोटाच्या डॉक्टरांना आणि सर्जनना एकमेकांशी बोलायला लाव. एकाने सांगितलेलं दुसऱ्याला कळवत तूच फिरत राहिलीस तर वाटेत निम्मं गळतं.

ऑपरेशनने नळी बंद करावी की इंजेक्शनांवरच राहावं, हा खरा अवघड प्रश्न. प्रामुख्याने नेदरलँड्समध्ये झालेला एक अभ्यास २०२२ साली छापून आला. ९४ पेशंट होते, सगळ्यांच्या नळ्या वरून जाणाऱ्या पण आतलं तोंड एकच. ज्यांचं मन आधीच ठरलं होतं त्यांना स्वतः निवडू दिलं, असे ६२ जण. उरलेल्यांची विभागणी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी केली. दीड वर्षाने एमआरआयवर नळी खरोखर भरलेली दिसली ती थोडे महिने इंजेक्शनं घेऊन ऑपरेशन केलेल्यांपैकी ३२ टक्क्यांत, आणि वर्षभर नुसत्या इंजेक्शनांवर राहिलेल्यांपैकी ९ टक्क्यांत. म्हणजे ऑपरेशन सरस, पण तेही तिघांत एकाला. बाहेरचं तोंड मिटलेलं कितीतरी जास्त जणांत दिसलं, म्हणून ‘बरी झालीस’ कुणी म्हटलं की ‘बाहेरून की आतून?’ असं विचार. हे आकडे तुला लागू पडतात का, तेही. गुदाशयाला सूज असेल तर नळी शिवायला सहसा हात घालत नाहीत.

पोटावरच्या शौचाच्या पिशवीचं नाव निघालं की आपल्या घरात सगळे गप्प होतात. तू तसं करू नकोस. वेळ येण्याआधीच पिशवी लावलेल्या एखाद्या बाईला भेटायला मिळेल का, म्हणून विचार. वॉर्डातल्या सिस्टरना अशा बायका माहीत असतात. तात्पुरती म्हणून लावलेली पिशवी या आजारात बरेचदा कायमची राहते, तेव्हा हे पक्कं समजूनच हो किंवा नाही म्हण.

सहीबद्दल नीट ऐक. ‘भूल देऊन तपासणी’ असं लिहून खाली ‘आणि लागेल ते’ असं असेल, तर ‘लागेल ते’ म्हणजे काय ते लिहवून घे. पू काढा, ढिला दोरा टाका, यापलीकडे माझ्याशी बोलल्याशिवाय काही करू नका, असं तुला म्हणता येतं. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या एका प्रकरणात हेच सांगितलं. तपासणीसाठी दिलेली संमती ऑपरेशनला चालत नाही, आणि जिवावरचा प्रसंग नसेल तर भुलीत असलेल्या सज्ञान बाईच्या वतीने तिच्या आईची संमतीही पुरत नाही. तुझे बाबा बाहेर बसलेले असतील, घाबरून म्हटलं तिथे सही करतील. त्यांना आदल्या दिवशीच तुझा कागद वाचून दाखव.

तपासायच्या खोलीत पडदा ओढून घ्यायला सांग. शिकाऊ डॉक्टरांचा घोळका असेल तर ‘दोघंच थांबा’ म्हणायचा तुला हक्क आहे, आणि सिस्टरला जवळ उभं राहायला सांगायचाही.

घरी यायच्या आधी डिस्चार्ज कार्ड वाच. किती दोरे, कुठल्या बाजूला, आतलं तोंड सापडलं का, स्नायूला हात लावला का, एवढं त्यावर हवंच. नसेल तर तिथेच लिहून माग आणि फोटो काढून फोनमध्ये ठेव. पुढचा सर्जन कदाचित दुसऱ्या गावचा असेल.