राष्ट्रगीत आणि मिटलेले ओठ

सकाळच्या प्रार्थनेनंतर राष्ट्रगीत सुरू झाले की आपण ताठ उभे राहून ते गातो. शेजारचा मुलगा तितकाच ताठ उभा आहे, परंतु त्याचे ओठ मिटलेले आहेत, असे आढळले तर? ‘‘सर, तो देशाचा शत्रूच!’’ असे उत्तर माझ्या वर्गात तत्क्षणी आले. म्हणून केरळमधील एका शाळेची हकीकत सांगतो.

तेथे दहावी, नववी व पाचवी या इयत्तांत शिकणारी तीन भावंडे होती. ‘यहोवाचे साक्षीदार’ या लहानशा ख्रिस्ती पंथाचे हे कुटुंब. मुले राष्ट्रगीताला रोज आदराने उभी राहत; गात मात्र नसत. परमेश्वरावाचून अन्य कोणाचे स्तवन करू नये, अशी त्यांची श्रद्धा. (सर्वच ख्रिस्ती लोकांचे मत असे नाही. आमच्या गोव्यातील ख्रिस्ती मुले तर गाण्यात सर्वांच्या पुढे!) त्यांच्या थोरल्या बहिणीही याच शाळेत अशाच उभ्या राहत, आणि कोणाची तक्रार नव्हती. पुढे एका आमदारांनी हे पाहिले व विधानसभेत प्रश्न विचारला. चौकशीत मुलांनी अनादर केल्याचे दिसले नाही. तरीही २६ जुलै १९८५ रोजी त्यांना शाळेतून काढण्यात आले.

केरळच्या उच्च न्यायालयात त्यांना दाद मिळाली नाही. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी व न्यायमूर्ती दत्त यांनी मूळ कायदाच तपासला. १९७१ चा कायदा राष्ट्रगीत गाण्यास हेतुपुरस्सर प्रतिबंध करणाऱ्यास किंवा गाणाऱ्यांच्या सभेत व्यत्यय आणणाऱ्यास शिक्षा सांगतो. न गाणाऱ्यास नव्हे. उभे राहणे हाच आदर होय, असे न्यायालयाने मानले. संविधानाच्या १९ व्या कलमातील भाषणस्वातंत्र्यात मौनही येते आणि २५ व्या कलमाने श्रद्धेला संरक्षण आहे.

अमेरिकेतही याच पंथाच्या मुलांनी ध्वजवंदनास नकार दिला होता. १९४० मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्याविरुद्ध निर्णय दिला. परंतु अवघ्या तीन वर्षांत, महायुद्ध ऐन भरात असताना, तो फिरवला. युद्धकाळात असे धैर्य दाखवणे सोपे नव्हते, असे मला वाटते.

केरळच्या मुलांचा निकाल ११ ऑगस्ट १९८६ रोजी लागला. त्यांना शाळेत परत घ्यावे व निर्विघ्नपणे शिकू द्यावे, असा आदेश झाला. शाळेतून काढल्याला तेव्हा एक वर्षाहून अधिक काळ लोटला होता.