दाढ काढायची, तर भूल किती खोल?

मी भूलतज्ज्ञ आहे. कामाचा बहुतेक वेळ मोठ्या ऑपरेशन थिएटरमध्ये जातो, पण दातांच्या दवाखान्यांतूनही मला बोलावणं येतं, आणि ते बहुधा अक्कलदाढेसाठी असतं. ही दाढ साधारण सतरा ते पंचविशीच्या दरम्यान वर येते आणि जागा पुरली नाही की हिरडीखाली आडवी अडकते. त्यामुळे समोर खुर्चीत बसलेली मुलं-मुली वयाने लहान असतात, घाबरलेली असतात आणि विचारतात, "मॅडम, मला पूर्ण झोपवूनच करा ना." झोपवता येतं. पण त्याआधी त्यांना ज्या गोष्टी सांगते, त्या इथे लिहीत आहे.

१. बहुतेकांचं काम सुईवर भागतं

हिरडीतलं इंजेक्शन म्हणजे 'हलकी' भूल, असा एक समज आहे. तो सोडून द्या. १९४३ साली स्वीडनमध्ये निल्स लॉफग्रेनने बनवलेलं लिग्नोकेन आजही दातांच्या खुर्चीतलं सर्वांत विश्वासाचं औषध आहे. खालच्या दाढेसाठी ते जबड्याच्या मागच्या बाजूला, नस हाडात शिरते त्या जागेजवळ सोडतात. काही मिनिटांत त्या बाजूचा ओठ आणि जीभ जड होते. ओठ जड झाल्याचं पेशंट स्वतः सांगेपर्यंत चांगला डॉक्टर दाढेला हात लावत नाही.

औषधात बहुतेक वेळा थोडं अॅड्रेनालिन असतं. त्याने रक्तवाहिन्या आकसतात, औषध जागेवर जास्त वेळ टिकतं आणि रक्त कमी जातं. त्यामुळेच मिनिटभर छाती धडधडते, हात थरथरतात. असा अनुभव आलेले अनेक जण पुढे आयुष्यभर "मला भुलेच्या इंजेक्शनची अॅलर्जी आहे" असं सांगतात. लिग्नोकेनची खरी अॅलर्जी फार विरळ आहे. मात्र हृदयाचा आजार असेल, रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर ते आधी सांगायलाच हवं. डॉक्टर त्याप्रमाणे औषध आणि मात्रा ठरवतात.

२. दुखणं जातं, दाब राहतो

बधिर केल्यावरही दाढ ढकलल्याचं कळतं, जबडा ओढल्यासारखा वाटतो, हाड घासल्याचा आणि दाढ तुकडे करून काढत असतील तर ती फुटल्याचा आवाज थेट कानात घुमतो. हे आधी कोणी सांगितलं नसेल तर माणूस त्यालाच दुखणं समजतो आणि घट्ट होतो. मी खूण ठरवून देते: खरंच टोचलं, कळ आली, तर डावा हात वर करा, काम तिथल्या तिथे थांबेल. हात वर केल्यावर डॉक्टर खरोखर थांबतात, हे एकदा अनुभवलं की पुष्कळांना दुसरं कुठलंच औषध लागत नाही.

३. सुजलेल्या दाढेवर भूल नीट चढत नाही

याची रासायनिक कारणं आहेत. पू झालेल्या, सुजलेल्या जागी आम्लता वाढते, आणि आम्लतेत हे औषध नसेच्या आवरणातून आत शिरू शकत नाही. म्हणून गाल सुजलेला, तोंड उघडत नाही, अशा दिवशी "आत्ताच काढून टाका" असा हट्ट धरू नये. आधी जागा धुऊन, गरज असेल तर औषधं देऊन सूज उतरवावी. तीच दाढ नंतर बहुधा नेहमीच्या इंजेक्शनने निघते.

४. भीतीचं औषध वेगळं असतं

११ डिसेंबर १८४४ रोजी अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावी होरेस वेल्स या दंतवैद्याने नायट्रस ऑक्साइड हुंगून स्वतःचीच दाढ सहकाऱ्याकडून काढून घेतली. पुढच्याच महिन्यात बोस्टनमध्ये त्याने हा प्रयोग लोकांसमोर केला. तिथे पेशंट कण्हला आणि वेल्सची अवहेलना झाली. मला त्या माणसाबद्दल फार आत्मीयता वाटते. त्याचा वायू खरा होता, पण एकट्या त्या वायूकडून त्याने फार मोठी अपेक्षा ठेवली.

आजही तेच लक्षात ठेवायचं. नाकावरच्या मास्कमधून ऑक्सिजनबरोबर दिलेल्या नायट्रसने काही मिनिटांत अंग सैल पडतं, हातापायांना मुंग्या येतात, भीती मागे सरते. बंद करून नुसता ऑक्सिजन दिला की थोड्याच वेळात माणूस पूर्ववत होतो. पण दाढेची जागा बधिर करायला सुई लागतेच. सुईचीच भीती असणाऱ्यांसाठी मात्र हा वायू मोलाचा आहे.

त्याच्या पुढची पातळी म्हणजे शिरेतून मिडाझोलम. हे थोडं थोडं, मध्ये थांबत देतात. माणूस बोलावलं तर ओ देतो, सांगितलं तर तोंड उघडतो, आणि नंतर विचारतो, "झालं? कधी काढली?" शुद्ध गेली नव्हती, आठवण राहिली नाही. ज्यांना लहानपणी खुर्चीत धरून दात काढल्याचा अनुभव आहे, त्यांच्यासाठी मी हीच पद्धत सुचवते.

५. भूल जितकी खोल, तितकी खोलीत माणसं जास्त हवीत

माझं सर्वांत आग्रहाचं सांगणं हेच. गुंगीच्या पातळ्या पुस्तकात पायऱ्यांसारख्या मांडलेल्या असतात. प्रत्यक्षात तो घाटातला उतार आहे. एकाला ज्या मात्रेत नुसती पेंग येते, त्याच मात्रेत दुसऱ्याचा श्वास मंदावतो. शिवाय इथे सर्जनची काम करायची जागा आणि पेशंटची श्वासाची वाट एकच आहे. ड्रिलचं पाणी, रक्त, दाढेचा तुकडा, मागे पडणारी जीभ, हे सगळं घशाच्या तोंडाशी असतं. गुडघ्याच्या किंवा हाताच्या शस्त्रक्रियेत ही अडचण नसते.

म्हणून शिरेतून गुंगी द्यायची असेल तर श्वास आणि नाडीवर नजर ठेवणारी शिकलेली व्यक्ती वेगळी हवी. दाढेत डोकं घातलेल्या सर्जनने ते काम करू नये, कितीही निष्णात असला तरी. बोटाला ऑक्सिमीटर लावला की झालं, असंही नाही. ऑक्सिजन चालू असताना श्वास थांबला तरी बोटावरचा आकडा काही वेळ ९९ दाखवत राहतो. छातीची हालचाल बघणारा डोळा आणि सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र आधी सावध करतं. मिडाझोलमवर उतारा आहे, फ्लुमाझेनिल, पण त्याचा असर लवकर ओसरतो आणि गुंगी पुन्हा चढू शकते. त्यामुळे उतारा दिलेल्या पेशंटला लगेच घरी सोडत नाहीत.

दवाखान्यात निःसंकोच विचारा: गुंगी कोण देणार? ऑक्सिजन, सक्शन, श्वास देण्याची पिशवी खोलीत आहे का? मी स्वतः हे पाहिल्याशिवाय सुरुवात करत नाही. पेशंटने विचारलं तर मला त्याचा आदरच वाटतो. आणि घरच्यांनी एक आवर्जून सांगावं: माणूस जोरात घोरतो का, झोपेत श्वास अडकतो का. माझा निर्णय या एका उत्तराने बदलू शकतो.

६. पूर्ण भूल काहींना खरोखर लागते

हाडात खोल गेलेल्या चारही दाढा एकदम काढायच्या असतील, दाढेभोवती मोठी गाठ असेल, बौद्धिक अपंगत्वामुळे खुर्चीत स्थिर बसणं शक्य नसेल, किंवा भीती इतकी की बाकी काहीच चालत नाही, तर हॉस्पिटलमध्ये पूर्ण भूल द्यावी. त्यात श्वासाची नळी बहुधा नाकातून घालतात, म्हणजे तोंड सर्जनला मोकळं राहतं. नंतर एक-दोन दिवस नाक-घसा हुळहुळतो.

आपल्याकडे आणखी एक गट आहे, आणि तो पाहून जीव तुटतो. गुटखा खाऊन गालाच्या आत घट्ट पट्टे झालेली तरुण मुलं. निरोगी माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटं उभी जातात. यांच्या तोंडात एक जाणं कठीण. दाढेपर्यंत ना सुई पोहोचते ना हत्यार. अशांना पूर्ण भूल देतानाही नळी लवचिक दुर्बिणीच्या मदतीने, पुष्कळदा जागेपणीच घालावी लागते. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी पुड्या मिळतात. खात असाल तर भूलतज्ज्ञापासून लपवू नका. आम्ही रागावत नाही, तयारी करतो.

७. पोट: जेवून यायचं की उपाशी?

नुसत्या सुईवर दाढ काढायची असेल तर व्यवस्थित खाऊन या. उपाशी, रात्रभर न झोपलेला माणूस सुई बघूनच घामाघूम होतो आणि चक्कर येऊन पडतो. संकष्टीचा उपास असेल तर तारीख पुढे घ्या.

पूर्ण भूल किंवा शिरेतून गुंगी ठरली असेल, तर घन अन्न किमान सहा तास आधी बंद, नितळ पाणी दोन तास आधी. "सकाळपासून काही दिलं नाही हो, फक्त थोडी साबुदाण्याची खिचडी," असं एका आईने मला थिएटरच्या दारात सांगितलं होतं. खिचडी, केळं, राजगिऱ्याचा लाडू, दूध, दुधाचा चहा, सगळं अन्नातच मोडतं. भूल चढल्यावर ते पोटातून वर येऊन फुप्फुसात गेलं तर जिवावर बेतू शकतं. शस्त्रक्रिया पुढे ढकलली. त्या माउलीला वाईट वाटलं, पण मुलीच्या जिवापुढे पर्याय नव्हता. मधुमेह असेल तर त्या सकाळच्या गोळ्या आणि इन्शुलिनचं काय करायचं, ते आदल्या दिवशी विचारून घ्या.

८. भूल उतरताना

सुईचा बधिरपणा साधारण तीन ते पाच तास राहतो. वेदनेची गोळी तो जायच्या आधी घ्यावी, कळ सुरू झाल्यावर नव्हे. ओठ जड असेपर्यंत गरम चहा नको, भाजलेलं कळत नाही; मुलं तर ओठ चावून जखम करून घेतात. शिरेतून गुंगी किंवा पूर्ण भूल घेतली असेल तर सोबत मोठं माणूस हवंच, आणि चोवीस तास दुचाकी नको, गॅसजवळ एकटं उभं राहणं नको, महत्त्वाच्या कागदावर सही नको.

दुसऱ्या दिवशीही खालचा ओठ किंवा जीभ बधिरच असेल तर वाट बघत बसू नका, डॉक्टरांना फोन करा. दाढेची मुळं नसेला खेटून आहेत का, हे ओपीजी एक्स-रेत आधीच बऱ्यापैकी दिसतं. तसं असेल तर बधिरपणा काही काळ राहण्याची शक्यता सर्जनने खुर्चीत बसवण्याआधी सांगायला हवी, आणि नाही सांगितली तर तुम्ही विचारायला हवी.