हेडसेटची पारख

ज्या थोड्या खेळांत आवाज हाच नियम आहे, त्यांपैकी हुतुतू हा एक होय. चढाई करणाऱ्याचा दम पंचाला स्पष्ट ऐकू आला पाहिजे. तो ऐकू आला नाही, तर गडी बाद. या खेळाशी आपल्या बडोदे शहराचा संबंध जुना आहे. १९२३ च्या सुमारास येथील हिंदविजय जिमखान्याने हुतुतूचे नियम छापून काढले व स्पर्धा भरविल्या. आज त्याच शहरातील मुले संध्याकाळी संगणकापुढे बसतात आणि पुण्याच्या मावसभावाबरोबर किंवा मडगावच्या मामेबहिणीबरोबर एकाच डावात खेळतात. मैदान दिसेनासे झाले, तरी "मागे बघ", "थांब", "इकडे ये" या हाका राहिल्याच आहेत. त्या हाका नेण्या-आणण्यासाठी कानावर हेडफोन आणि तोंडाशी मायक्रोफोन असे जे जोडसाधन वापरतात, त्यालाच हेडसेट म्हणतात.

पालकसभेनंतर हेडसेटविषयी विचारणारे पालक अलीकडे वाढले आहेत. मुलगा चार हजारांचा मागतो, दुकानदार दोन हजारांचा दाखवितो आणि घरचा महिन्याचा हिशेब पाचशेच्या वर जाऊ देत नाही. मी मराठी व इतिहास शिकवितो, पदार्थविज्ञान नव्हे. तथापि भाषेच्या शिक्षकाला ध्वनीचा विचार चुकत नाही, आणि हा प्रश्न बराचसा ध्वनीचाच आहे.

पहिली गोष्ट ही की, मायक्रोफोन हा हेडसेटमधील महाग भाग नव्हे. १९६२ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट या दोघा शास्त्रज्ञांनी 'इलेक्ट्रेट' मायक्रोफोन सिद्ध केला. त्यात विजेचा भार कायम धरून ठेवणारा एक पातळ पडदा असतो. आवाजाने तो थरथरला की विजेचा दाब त्याबरोबर कमीजास्त होतो. हा मायक्रोफोन इतका लहान आणि स्वस्त निघाला की, पुढे दूरध्वनीपासून ध्वनिमुद्रकापर्यंत सर्वत्र तोच बसू लागला. तीनशे रुपयांच्या इअरफोनमध्ये आणि चार हजारांच्या हेडसेटमध्ये पुष्कळदा याच जातीचा मायक्रोफोन असतो. वरचे पैसे मुख्यतः कानाच्या गादीचे, बांधणीचे, नावाचे आणि रंगीबेरंगी दिव्यांचे होत. ते दिवे तर खेळणाऱ्याला दिसतही नाहीत. ते त्याच्या कानावर लागलेले असतात!

मग स्पष्टता कशावर अवलंबून असते? 'जग' हा शब्द दोन प्रकारे उच्चारून पाहा. एक जग म्हणजे विश्व. दुसरे 'जग' म्हणजे 'जिवंत राहा' अशी आज्ञा. लिहिताना दोन्ही सारखेच. बोलताना मात्र एक ज तालव्य, दुसरा दंततालव्य. माझी मातृभाषा कोंकणी, तिच्यातही च आणि ज यांचे असे दुहेरी उच्चार आहेत. हा भेद मुख्यतः उंच कंपनांच्या घर्षणध्वनीत असतो. जुन्या टेलिफोनची तार सेकंदाला सुमारे ३०० ते ३४०० कंपनांपर्यंतचाच आवाज वाहून नेई. म्हणूनच टेलिफोनवर नाव सांगताना "स, समईतला स" असे म्हणावे लागे. 'स'चे पुष्कळसे बळ ४००० कंपनांच्या वर असते. ते कापले गेले की 'स' आणि 'फ' एकमेकांत मिसळतात.

बिनतारी, म्हणजे ब्लूटूथच्या, स्वस्त साधनांची अडचण येथेच आहे. गाणे ऐकताना ती छान वाजतात. परंतु मायक्रोफोन सुरू होताच पुष्कळ साधने बोलण्यासाठी राखलेल्या वेगळ्या पद्धतीवर उतरतात. त्या पद्धतीच्या जुन्या प्रकारात आवाज टेलिफोनसारखा अरुंद होतो. मित्राचाच नव्हे, तर खेळाचाही. शिवाय आवाज किंचित उशिरा पोचतो. नव्या पद्धतींनी हा दोष कमी केला आहे, पण त्यासाठी हेडसेट आणि संगणक दोन्ही नवे लागतात. त्याच पैशांत तारेचा हेडसेट अधिक चांगला येतो, आणि त्याला रोज चार्ज करण्याचे झंझट नसते.

तारेच्या टोकाची पिन मात्र नीट पाहून घ्यावी. गोल पिनेवर तीन काळी कडी असली, तर तिच्यात ऐकणे व बोलणे दोन्हींची सोय आहे. दोनच कडी असली, तर ती नुसती ऐकण्याची. टेबलावरच्या जुन्या संगणकाला बहुधा दोन निरनिराळी छिद्रे असतात : हिरवे ऐकण्याचे, गुलाबी बोलण्याचे. तेथे एका पिनेचा हेडसेट आणला, तर एकाचे दोन करणारा लहान जोड वेगळा घ्यावा लागतो. लॉजिटेकच्या एच-११० आणि एच-१११ या साध्या हेडसेटांमध्ये हाच फरक आहे. पहिल्याला दोन पिना, दुसऱ्याला एक. यूएसबीचा हेडसेट संगणकाच्या ध्वनियंत्रणेवर विसंबत नाही. स्वतःची छोटी यंत्रणा तो बरोबर आणतो. जुन्या संगणकात सतत घरघर ऐकू येत असेल, तर तो घेणे शहाणपणाचे. आजकालच्या कित्येक मोबाइलना गोल छिद्रच नसते, हेही घरून निघण्यापूर्वी पाहावे.

यानंतरची सुधारणा फुकट आहे. बडोद्यात चैत्र-वैशाखात डोक्यावरचा पंखा बंद करून बसणे कोणालाही शक्य नाही, आणि पंख्याची घरघर मायक्रोफोन इमानेइतबारे पलीकडे पोचवितो. मायक्रोफोनचे तोंडापासूनचे अंतर निम्मे केले, तर आपला आवाज त्याला सुमारे ६ डेसिबलने मोठा पोचतो. पंख्याचा मात्र होता तेवढाच राहतो. म्हणून तारेवर गळ्याशी लोंबणाऱ्या मायक्रोफोनपेक्षा दांडीवरचा, ओठांच्या कोपऱ्याशी दोन बोटांवर येणारा मायक्रोफोन बरा. तो अगदी तोंडासमोर नको. आपल्या भाषेत ख, घ, थ, ध, फ, भ असे महाप्राण भरपूर, आणि त्यांचा वारा सरळ पडद्यावर आपटतो. "भाऊ, थांब, फाटकाशी धोका आहे" हे वाक्य मोबाइलच्या ध्वनिमुद्रकात बोलून परत ऐका. मायक्रोफोन कोठे हवा, ते लगेच कळते. बहुतेक खेळांत "बटण दाबून बोला" अशी सोय असते. तीही वापरावी, म्हणजे स्वयंपाकघरातील कुकरची शिट्टी मडगावच्या मामेबहिणीला ऐकावी लागत नाही.

आता कानांकडे वळू. खरा खर्च येथे आहे, आणि तो पैशांचा नव्हे. आतल्या कानातील सूक्ष्म केसपेशी मोठ्या आवाजाने एकदा नष्ट झाल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ मध्ये सुरक्षित श्रवणाचे मानक प्रसिद्ध केले. त्यात प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल आणि मुलांसाठी ४० तास ७५ डेसिबल अशी मर्यादा आहे. आवाज ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मी होते. विद्यार्थिमित्रहो, हे गणित तुम्हीच करून पाहा. ७८ ला २० तास, ८१ ला १० तास. असे उतरत ९० डेसिबलला आठवड्याचा सव्वा तास उरतो. रोज दीड तास खेळणाऱ्या मुलाने ८१ च्या खालीच राहिले पाहिजे. पुष्कळ इअरफोन पूर्ण आवाजात १०० च्याही वर जातात.

मुलांच्या हेडफोनच्या खोक्यांवर "८५ डेसिबलपर्यंत सुरक्षित" असे छापलेले असते. ८५ हा आकडा कारखान्यात दिवसाला आठ तास काम करणाऱ्या प्रौढांच्या मर्यादेचा आहे. वरील हिशेबाने मुलाला तो आठवड्यातून चार तासच पुरतो. खोक्यावरील अक्षरांवर निर्धास्त राहू नये. बाहेर नवरात्रातील गरब्याचे कर्णे चालू असले की मूल आवाज वाढविते, कारण बाहेरचा गोंगाट आत येतो. कान पूर्ण झाकणाऱ्या गादीचा हेडसेट म्हणूनच कामाचा : बाहेरचे कमी आत येते, म्हणून आतले कमी ठेवता येते. जास्तीचे चारशे रुपये द्यावयाचे असतील, तर ते या गादीसाठी द्यावेत. खेळातील स्फोटांचा आवाज कमी आणि मित्रांचा जास्त असे वेगवेगळे ठेवण्याची सोय अनेक खेळांत असते. गोळीबाराने बोलणे बुडते म्हणून सगळाच आवाज चढविण्याची गरज मग राहत नाही.

हेडसेटमुळे घरात आणखी एक गोष्ट घडते. संभाषणाची अर्धी बाजूच आईवडिलांना ऐकू येते. "हो. नाही. किती? कोणाला?" एवढेच कानी पडते; पलीकडे मावसभाऊ आहे की कोणी परका, हे समजत नाही. डिस्कॉर्डसारख्या बोलण्याच्या मंचावर किमान वय १३ आहे, आणि त्याहून लहान मुलांना हेडसेट देऊच नये, असे माझे मत आहे. त्यांनी स्पीकरवर, घरातल्यांच्या देखत बोलावे. मोठ्यांनीही ओळखीच्या मित्रांपुरता बंद गट करावा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ कायद्याने निषिद्ध केले; तेव्हा खेळता खेळता कोणी पैशांची, ओटीपीची वा छायाचित्राची मागणी केली, तर लगेच हेडसेट काढून घरी सांगावे. फसवणुकीसाठी १९३० आणि मुलांच्या मदतीसाठी १०९८ हे दूरध्वनी क्रमांक आहेत.

किमतीविषयी माझा अंदाज असा : तीनशे ते पाचशेत मायक्रोफोनसह तारेचा चांगला इअरफोन, सातशे ते हजारात दांडीचा साधा हेडसेट, आणि हजार ते दीड हजारात कान झाकणारा गादीचा. त्यापुढे शाळकरी मुलाला जाण्याचे कारण मला दिसत नाही. आणि यांपैकी काहीही घेण्यापूर्वी घरातील टेबलाचा खण एकदा उघडून पाहावा. जुन्या मोबाइलबरोबर आलेला, तीन कड्यांच्या पिनेचा इअरफोन तेथे गुंडाळून पडलेला असण्याचा संभव पुष्कळ.