चढावर मनुका, थांब्यावर शेंगदाणे
सुका मेवा पौष्टिक, म्हणून सॅकमध्ये टाका, हा सल्ला अर्धाच खरा आहे. ट्रेकला मनुका, खजूर, अंजीर उपयोगी पडतात ते साखरेमुळे आणि कमी वजनामुळे. जीवनसत्त्वांचे कौतुक घरी करावे. १०० ग्रॅम ताज्या द्राक्षांत ८० ग्रॅमच्या आसपास पाणीच असते आणि कॅलरी जेमतेम ७०. तेवढ्याच मनुकांतून सुमारे ३०० कॅलरी मिळतात. तासगावच्या शेडवर साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, म्हणजे तीन किलो ओझे तिथेच उतरलेले असते. नळीच्या वाटेसारख्या खड्या चढावर स्नायूंना मुख्यतः ग्लुकोज लागते, आणि मनुकांतली जवळपास निम्मी साखर ग्लुकोजच असते. म्हणून चालता चालता दर पाऊण तासाला मूठभर खावे. भूक लागेपर्यंत थांबू नये.

मग बिस्किटाचा पुडा काय वाईट, असे कुणी विचारेल. कॅलरीत तो मागे नाही, उलट पुढेच आहे. पण कोरड्या घशाखाली मैदा उतरत नाही आणि सॅकमध्ये त्याचा भुगा होतो. शिवाय सुक्या जर्दाळूत १०० ग्रॅममागे हजार मिलिग्रॅमहून अधिक पोटॅशियम असते, सुक्या अंजिरात सुमारे १० ग्रॅम तंतू. हे तंतू मात्र जपून! सवय नसताना सकाळीच सात-आठ अंजिरे खाल्ली तर कड्यावर आडोसा शोधायची वेळ येते. मनुकांनी लोह वाढते हा युक्तिवादही इथे गैरलागू, कारण एका मुठीत ते अर्धा मिलिग्रॅमच्या आसपासच असते. क सत्त्व तर वाळवताना बरेचसे जाते. खरी उणीव मिठाची: घामावाटे सोडियम जाते आणि सुक्या फळांत ते नावापुरतेच असते. ती उणीव खारे शेंगदाणे भरून काढतात. त्यांतले प्रथिन आणि तेल सावकाश पचते, म्हणून ते थांब्यावर खावेत. दम्याच्या रुग्णांनी गंधकाची धुरी दिलेला पिवळाधमक बेदाणा टाळावा. मधुमेहींनी आधी डॉक्टरांना विचारावे.

एका दिवसाच्या ट्रेकला माणशी १०० ग्रॅम मनुका किंवा बिया काढलेला खजूर, तेवढेच खारे शेंगदाणे आणि किमान तीन लिटर पाणी घ्या. पिशवी हातात मिरवू नका, गडावरची माकडे ती आधी हेरतात. दुपारची भाकरी मात्र वेगळी बांधून न्या.