केनियांतील गवती छपरें व रोकड मदत

गरिबास दाणे द्यावे, वस्त्र द्यावें, औषध द्यावें. पण रोकड पैसा देऊं नये, कारण तो गुत्त्यांत जाईल, असें आपण पुष्कळ वर्षें ऐकत आलों आहों. मंडळीच्या मदतफंडाची पेटी ज्या उपदेशकांच्या हातीं असते, त्यांच्या तोंडीं तर हें वाक्य नेहमींचेंच. आम्हींही तें अनेकदां उच्चारलें आहे. २०२४ सालीं महाराष्ट्रांत लाडकी बहीण योजनेखालीं दरमहा १५०० रुपये स्त्रियांच्या खात्यांत जमा होऊं लागले, तेव्हां खेडोपाडीं हाच वाद पुन्हां निघाला. म्हणून जेथें ह्या प्रश्नाची वर्षानुवर्षें पारख झाली आहे, अशा एका मुलखाची हकीकत आज वाचकांपुढें ठेवितों.

हा मुलूख म्हणजे आफ्रिकेंतील केनिया देशाच्या पश्चिमेस, व्हिक्टोरिया सरोवराजवळचा सियाया जिल्हा. वस्ती बहुतेक लुओ लोकांची. मक्याचें शेत, चार कोंबड्या, एखादें गुरूं, आणि हंगामांत दुसऱ्याच्या शेतावर मजुरी, एवढ्यावर गरिबाचा निर्वाह. भिंती मातीच्या. ज्याला ऐपत त्याच्या घरावर पत्रा, ज्याला नाहीं त्याच्या घरावर गवत. गवती छप्पर म्हणजे काय हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. तें स्वस्त दिसतें, पण वरचेवर शाकारावें लागतें, आणि एका पावसानें कुजलें कीं पुन्हां खर्च उभाच. पत्रा एकदां घातला म्हणजे पुष्कळ वर्षांची चिंता मिटते. परंतु तेवढी रक्कम गरिबाजवळ एके ठिकाणीं कधीं सांचतच नाहीं. तेव्हां ज्याच्याजवळ पैसा कमी, त्यालाच छप्पर अधिक महाग पडतें.

अमेरिकेंतील अर्थशास्त्राच्या कांहीं विद्यार्थ्यांनीं काढलेल्या गिव्हडायरेक्टली नांवाच्या संस्थेनें २०११ पासून ह्या भागांतील गवती छपरांच्या कुटुंबांस रोकड रक्कम देण्यास आरंभ केला. कशावर खर्च करावी ही अट नाहीं, परतफेडीचें बंधन नाहीं. केनियांत २००७ पासून एम-पेसा नांवाची सोय चालू आहे. तींत पैसा मोबाइल फोनवर येतो व गांवच्या दुकानदाराकडून रोख घेतां येतो. (स्वाहिली भाषेंतील ‘पेसा’ हा आपल्या ‘पैशा’चाच भाऊबंद होय.) त्यामुळें मध्यें पुढारी नाहीं, मुकादम नाहीं, आणि हात ओले करण्याचा प्रसंगही नाहीं.

मग गुत्त्याचें काय झालें? योहानेस हाउसहोफर व जेरेमी शापिरो ह्या दोघां संशोधकांनीं पैसा मिळालेल्या व न मिळालेल्या कुटुंबांची तुलना करून आपला निष्कर्ष २०१६ सालीं छापला. दारू व तंबाखू ह्यांवरील खर्च वाढला नव्हता. लोक अधिक जेवूं लागले होते, गुरें घेतलीं होतीं, छपरांवर पत्रे चढले होते. ज्यांस रक्कम दरमहा थोडथोडी मिळाली, त्यांच्या घरांत अन्नाची ददात अधिक कमी झाली. ज्यांस ती एकदम मिळाली, त्यांनीं ती अधिक करून पत्र्यासारख्या टिकाऊ वस्तूंत घातली. मुलांचें शिक्षण व आरोग्य ह्यांत मात्र त्या वेळीं विशेष फरक आढळला नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे.

आमच्या मनांत दुसरी एक शंका होती. शेजाऱ्यास मिळालें व आपणांस नाहीं, तर महागाईचा भार आपल्याच माथीं नाहीं का येणार? २०१४ ते २०१७ ह्या काळांत सियायांतील ६५३ गांवांत हेंच पाहण्यांत आलें. त्यांपैकीं निम्म्या गांवांतील, मिळून सुमारें १०,५०० कुटुंबांस, प्रत्येकी सुमारें १००० डॉलर मिळाले. बाजारभाव सरासरीनें शेंकडा ०.१ इतकेच चढले. उलट, ज्यांस कांहींच मिळालें नव्हतें त्यांच्याही घरांत खर्चास अधिक पैसा येऊं लागला. कारण असें कीं, खेड्यांतला गिरणीवाला अर्धा दिवस गिऱ्हाइकाची वाट पाहत बसलेला असतो. गिऱ्हाईक आलें कीं त्याच गिरणींत तो अधिक दळतो. बाहेरून आलेल्या एका डॉलरमागें त्या भागाच्या एकंदर उत्पन्नांत सुमारें अडीच डॉलरांची भर पडली, असा हिशेब संशोधकांनीं काढला.

शेजारच्या होमा बे जिल्ह्यांत मात्र निराळाच अनुभव आला. तेथें जवळजवळ निम्म्या कुटुंबांनीं हा पैसा नाकारला! फुकट पैसा कोण देतो, हा सैतानाचा पैसा असला पाहिजे, अशी आवई उठली होती. आम्हांस ह्यांत हंसण्यासारखें कांहीं वाटत नाहीं. ज्यांस आजवर जें जें मिळालें तें कांहीं ना कांहीं किंमत घेऊनच मिळालें, त्यांनीं संशय घेतला तर दोष त्यांचा नव्हे.

पण सर्वांत मोठी गोष्ट पुढें उघडकीस आली. सियायांतील त्याच गांवांतील एक लाखाहून अधिक जन्मांची नोंद घेऊन केलेला अभ्यास २०२५ सालीं प्रसिद्ध झाला. पैसा मिळालेल्या घरांत वर्षाच्या आंत मरणाऱ्या बालकांचें प्रमाण ४८ टक्क्यांनीं घटलें होतें. कोणीं नवें औषध दिलें नव्हतें, कीं व्याख्यान दिलें नव्हतें. गरोदर बाई शेवटच्या महिन्यांत दुसऱ्याच्या शेतावर कुदळ मारण्यास जात असे, ती आतां घरीं राहूं शकली. पोटास नीट मिळालें. आणि वेणा लागल्यावर दवाखान्यापर्यंत जाण्यास भाड्याचे पैसे गांठीं होते. पैसा बाळंतपणाच्या सुमारासच हातीं पडला असेल तर गुण अधिक, आणि डॉक्टर असलेला दवाखाना जवळ असेल तर आणखी अधिक. जेथें असा दवाखाना दूर, तेथें तेवढ्याच रकमेनें फार थोडीं बालकें वांचलीं.

ही मदत कायमची नव्हती. ती बंद झाल्यावर जीं मुलें त्याच घरांत जन्मलीं, त्यांच्यांत मृत्यूचें प्रमाण बहुतांशीं पूर्वींच्याच ठिकाणीं परत गेलें.