लाल गाव, हिरवं गाव

२०१९ चा मे महिना. आष्टी तालुक्यातल्या एका वाडीवर टिपाडांची रांग लागली होती. आमच्या नकाशात ती वाडी लाल होती. लाल म्हणजे पाणी आटलं, पाहणीला आधी तिथे जायचं. तरीही आमचा माणूस चार दिवस तिकडे फिरकला नाही. वाडीचा टँकरचा प्रस्ताव चार दिवस उशिरा गेला. चूक त्या माणसाची नव्हती. ती माझी होती आणि मी बनवलेल्या एका साधनाची होती.

ऑक्टोबर २०१८ मध्ये राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. मी तेव्हा बीडमधल्या एका छोट्या संस्थेत नकाशे आणि माहितीपत्रकं करत होते. प्रत्येकजण आपल्या आवडीचे रंग वापरायचा. कुणी पांढऱ्यावर पिवळी अक्षरं टाकायचं, तर कुणी निळ्यावर जांभळी. या गोंधळाला आळा घालायला मी कार्यालयापुरतं एक साधन तयार केलं आणि त्याला नाव दिलं ‘रंगपेटी’. रंग निवडला की रंगपेटी त्याचा पांढऱ्या कागदाशी उठाव (कॉन्ट्रास्ट) मोजायची. आकडा ४.५ च्या वर गेला की ‘पास’, नाही तर ‘नापास’.

हा आकडा मी मनाने काढलेला नव्हता. वेबवरचा मजकूर सगळ्यांना वाचता यावा म्हणून जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांत साध्या अक्षरांसाठी ४.५ आणि मोठ्या अक्षरांसाठी ३ असं किमान प्रमाण दिलेलं आहे. पांढऱ्यावर काळं म्हणजे २१, आणि पांढऱ्यावर भडक पिवळं म्हणजे जेमतेम १.०७. हिशेब पक्का होता. मी मात्र तो अर्धाच वाचला होता.

नकाशासाठी मी दोन रंग घेतले. लाल-हिरवा-निळा (आरजीबी) या मापात लाल होता २११, ४७, ४७ आणि हिरवा ४६, १२५, ५०. पांढऱ्यावर लाल साधारण ५ भरला आणि हिरवा ५.१. दोन्ही पास झाले, म्हणून मी नकाशा छापायला दिला.

नानांनी, म्हणजे गावोगाव फिरून पाहणी करणाऱ्या आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी, पहिल्याच दिवशी फोन केला. “ताई, ह्या कागदावर सगळी गावं सारखीच हायेत.” मी हसले. कार्यालयात रंगीत प्रिंटर एकच होता, त्यामुळे वाटायच्या प्रती झेरॉक्सवर निघाल्या होत्या. मी लगेच त्यांच्या फोनवर रंगीत नकाशा पाठवला. “आता दिसतंय ना?” थोडं थांबून ते म्हणाले, “दिसतंय, दिसतंय.”

त्यांना ते दिसत नव्हतं. हे मला पाचव्या दिवशी कळलं. भर दुपारी आम्ही जीपच्या बॉनेटवर फोन ठेवून उभे होतो. नानांनी पडद्यावर हाताची सावली धरली, एका ठिपक्यावर बोट ठेवलं आणि खालच्या आवाजात विचारलं, “हे लाल का हिरवं?” तो ठिपका त्याच वाडीचा होता.

लाल आणि हिरव्यात फरक न कळणं हा बहुतेकदा जन्मजात दोष असतो. त्याचं मूळ ‘एक्स’ गुणसूत्रात आहे, म्हणून तो पुरुषांत जास्त दिसतो आणि आजोबांकडून आईमार्फत नातवाकडे येतो. युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण बारांत एकाला तो असतो. आपल्याकडे हे प्रमाण थोडं कमी आढळतं, पण पाहणीला जाणारी वीस माणसं असली तर त्यांत एखादा निघू शकतो हे धरूनच चालावं. नानांनी पंचविसेक वर्षं गाड्या चालवल्या होत्या. सिग्नलचा वरचा दिवा लाल आणि खालचा हिरवा हे त्यांना पाठ होतं, त्यामुळे कधी अडलं नाही. पण हे बोलून दाखवलं तर परवाना जाईल ही धास्ती कायम होती. सौम्य किंवा मध्यम दोष असला तरी परवाना मिळू शकतो, असा बदल केंद्राने जून २०२० मध्ये केला. त्याआधीच्या काळात माणूस गप्पच बसणार.

त्या रात्री मी रंगपेटीला एक वेगळाच प्रश्न विचारला. पांढरा सोडून दे, या लाल आणि हिरव्याचा एकमेकांशी उठाव किती? उत्तर आलं १.०३. म्हणजे जवळपास शून्य फरक. उजेडाच्या मापाने दोन्ही रंग एकाच पायरीवर होते. झेरॉक्सच्या यंत्राने आणि नानांच्या डोळ्यांनी मला एकच गोष्ट सांगितली होती. त्याच निकषांत ४.५ च्या नियमाच्या दोन घरं वर आणखी एक नियम आहे: कोणतीही माहिती केवळ रंगाने सांगू नका. मी आकडा असलेला नियम उचलला आणि आकडा नसलेला ओलांडून पुढे गेले.

नंतर रंगपेटी बदलताना जे शिकले, ते तुमच्या कामी यावं म्हणून सांगते.

जोड्या तपासा. एकेक रंग पांढऱ्याशी ताडून भागत नाही. नकाशात शेजारी येणारे सगळे रंग एकमेकांशीही मोजा. पाच रंग आणि पांढरा मिळून पंधरा जोड्या होतात. आता रंगपेटी त्यांचा तक्ता मांडते आणि कमकुवत जोडी आधी दाखवते.

झेरॉक्सचं बटण ठेवा. आपल्याकडे कागद शेवटी झेरॉक्स होतोच, मग तो ग्रामपंचायतीत लागो की अंगणवाडीत. एका बटणावर सगळे रंग करडे करून पाहा. करड्यात कळलं, तर बहुतेक अडचणी तिथेच मिटतात.

रंगाला शब्द आणि खूण जोडा. अंगणवाडीतली दंडघेर मोजायची पट्टी बघा. लाल, पिवळा, हिरवा असे पट्टे तर आहेतच, पण शेजारी सेंटिमीटरही छापलेले असतात. ११.५ च्या खाली लाल आणि १२.५ च्या वर हिरवा. रंग नाही कळला तरी ताई आकडा वाचते. आमच्या नकाशात आता पाणी आटलेल्या गावाला त्रिकोण आहे आणि पाणी असलेल्या गावाला गोल. खूण आणि शब्द भरल्याशिवाय रंगपेटी पुढे जाऊ देत नाही.

नुसतं ‘नापास’ म्हणू नका. ही माझी दुसरी मोठी चूक. पहिली रंगपेटी मास्तरासारखी लाल फुली मारायची. महिनाभरात सहकारी तिला वळसा घालू लागले, रंग आधीच ठरवून फक्त पास होणारे दोन-तीन मला दाखवायचे. आता ती कारण सांगते आणि तोच रंग किती गडद केला तर चालेल ते शेजारी दाखवते. माणसाला त्याचा हिरवा हवा असतो. तो हिसकावून घेऊ नका, थोडा गडद करून परत द्या.

जादूच्या रंगांवर विसंबू नका. रंगदोष असलेल्यांनाही ओळखता यावेत म्हणून ओकाबे आणि इतो या जपानी शास्त्रज्ञांनी सुचवलेले रंग जगभर वापरले जातात. त्यांतला निळा आणि नारंगी मी घेतला. दोघांतला उठाव २.३ आला, १.०३ पेक्षा कितीतरी बरा. पण तोच नारंगी पांढऱ्यावर २.२५ च भरतो आणि आकृतीसाठीसुद्धा निदान ३ लागतात. म्हणून नारंगी त्रिकोणाला काळी कड दिली.

देवनागरीला जास्त जपा. फिकट रंगात आणि बारीक आकारात आधी अनुस्वार गायब होतो, मग वेलांटी. ४.५ ही किमान पायरी समजा. गावांची नावं मी आता काळ्यातच ठेवते.

माणसाला विचारू नका, कागदाला विचारा. बैठकीत “कुणाला रंग कळत नाहीत का?” असं विचारलं तर एकही हात वर होणार नाही. “दिसतंय ना?” हा प्रश्नही फसवा आहे. त्याऐवजी कागद हातात द्या आणि म्हणा, “यातली पाणी नसलेली गावं वाचून दाखवा.” वाचणारा अडला की कागद नापास, माणूस नाही. आणि ही परीक्षा उन्हात घ्या, वातानुकूलित खोलीत नको.

रंगपेटीत शेवटी एक रकाना आहे: ‘कुणाकडून वाचून घेतलं?’ तो रिकामा ठेवला तर रंग जतन होत नाहीत. आमच्याकडे त्यात बहुतेक वेळा नानांचं नाव असतं. मागच्या पावसाळ्यात एक नवा नकाशा घेऊन मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, सगळे त्रिकोण एका दमात वाचून दाखवले आणि विचारलं, “ताई, ह्यात रंग कोणता दिलाय?”