राणी छाप रुपयाची खरी किंमत

(द्वितीय वर्ष कला, इतिहास)

'जुने ते सोने' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. इतर बाबतींत ती कितीही खरी असो. जुन्या नाण्यांच्या बाबतीत ती डोळे मिटून मानली, तर माणूस फसण्याचाच संभव अधिक. नाणे जुने आहे एवढ्यावरून ते मौल्यवान ठरत नाही, आणि नाणे चकचकीत आहे म्हणून ते चांगलेही ठरत नाही. मग त्याची किंमत ठरते तरी कशावरून? या प्रश्नाचे उत्तर सोप्या भाषेत मांडावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा विषय केवळ हौशी संग्राहकांचा आहे, असे कोणी समजू नये. घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली या उपनगरांतील अनेक घरांत एखादी जुनी ट्रंक असते आणि तिच्या तळाशी फडक्यात बांधलेले चार-दोन चांदीचे रुपये असतात. कोकणातून किंवा घाटावरून पोट भरण्यासाठी मुंबईला आलेल्या आपल्या पूर्वजांना बँकेचा उंबरठा ठाऊक नव्हता. चांदीचा रुपया हीच त्यांची बँक. ते रुपये पुढे सुनांकडे, नातींकडे आले. आज त्यांचे मोल ठाऊक नसल्यामुळे दोन प्रकारे नुकसान होते. कोणी अडीनडीला ते सराफाकडे मोडीच्या भावाने देऊन टाकतो. तर कोणी त्यांचे लाखो रुपये येतील या आशेने भामट्यांच्या हाती सापडतो.

रुपया म्हणजे काय?

प्रथम थोडा इतिहास पाहू. १८३५ च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या साऱ्या मुलखात एकाच वजनाचा रुपया सुरू केला. त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम. हाच जुना तोळा. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी, म्हणजे सुमारे १०.६९ ग्रॅम. चौथा विल्यम, राणी व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड आणि पाचवा जॉर्ज यांच्या साऱ्या कारकिर्दींत हे प्रमाण कायम राहिले. दुसऱ्या महायुद्धात चांदी महाग झाली, लोक रुपये साठवू लागले. तेव्हा १९४० पासून रुपयातील चांदी निम्म्यावर आणली गेली. १९४७ मध्ये तर रुपया निकेलचा झाला.

यावरून एक सोपा हिशेब करता येतो. १९४० पूर्वीच्या रुपयातील चांदी १०.६९ ग्रॅम आणि १९४० ते १९४५ मधील रुपयातील चांदी सुमारे ५.८३ ग्रॅम. त्या दिवशीच्या चांदीच्या ग्रॅमच्या भावाने या आकड्यांना गुणले, की नाण्याची धातूची किंमत निघते. ही झाली पायाची किंमत. सराफाने याहून फारच कमी सांगितले, तर दुसऱ्या पेढीवर विचारावे. या पायाच्या वर संग्राहक जे अधिक देतो, ते मात्र निराळ्या कारणांसाठी.

दुर्मिळता

पहिले कारण दुर्मिळता. येथे वयाचा फारसा संबंध नाही. उदाहरणार्थ, राणीच्या रुपयावर १८६२ साल दिसले, की घरातली मंडळी हरखून जातात. पण १८६२ नंतर बारा-एक वर्षे टांकसाळींनी नाण्यावरचे साल बदललेच नाही. दरवर्षी तोच आकडा छापला जाई. त्यामुळे १८६२ चे रुपये अमाप आहेत. १८४० साल असलेल्या रुपयांचीही हीच गोष्ट. तो आकडाही पुढे वीसेक वर्षे तसाच राहिला.

दुसरे उदाहरण १९१८ चे. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून धान्य, ताग, कापड यांची प्रचंड खरेदी झाली आणि तिचे मोल चुकते करण्यासाठी रुपयांची मागणी वाढली. चांदी पुरेना, तेव्हा १९१८ मध्ये अमेरिकेने खास कायदा करून आपले कोट्यवधी चांदीचे डॉलर वितळवले आणि ती चांदी ब्रिटनमार्फत इकडे पाठवली. त्या एका वर्षात मुंबई व कलकत्ता येथील टांकसाळींनी मिळून चाळीस कोटींहून अधिक रुपये पाडले. जे नाणे एवढ्या संख्येने पडले, ते आज शंभरी ओलांडूनही दुर्मिळ कसे असणार?

याउलट १९३९ चा रुपया पाहा. वयाने तो १८६२ च्या रुपयाहून पाऊणशे वर्षांनी लहान. परंतु त्या सालचे अस्सल रुपये फारच थोडे आढळतात, म्हणून संग्राहक त्याच्या शोधात असतात. अर्थात त्याच कारणाने बाजारात १९३९ चे खोटे रुपयेही फिरतात. १९११ च्या रुपयाची कथा मनोरंजक आहे. त्यावर पाचव्या जॉर्जच्या झग्यावर एक हत्ती आहे. साचा करणाऱ्याने तो असा कोरला, की लोकांना तो डुकरासारखा दिसला. मुसलमान समाजात नाराजी पसरली, पुष्कळशी नाणी परत घेऊन वितळवण्यात आली आणि १९१२ मध्ये हत्तीची सोंड नीट दिसेल असा नवा साचा आला. एका चुकीच्या सोंडेने त्या सालाला महत्त्व आले!

दर्जा

दुसरे कारण नाण्याचा दर्जा, आणि सामान्य माणसाला नेमके हेच ठाऊक नसते. हाताळताना नाण्याचा जो भाग सर्वांत उंच असतो, तो आधी झिजतो. राणीच्या रुपयावर मुकुटावरील रत्ने, गाल आणि छातीवरील भरतकाम पाहावे. जॉर्जच्या रुपयावर मुकुट आणि झग्यावरील हत्ती पाहावा. मागच्या बाजूस फुलांच्या पाकळ्या पाहाव्यात. हे बारकावे जितके स्पष्ट, तितका दर्जा वरचा.

व्यापारी दर्ज्याची इंग्रजी नावेच वापरतात. 'गुड' या नावाने फसू नये. ते नाणे जवळजवळ गुळगुळीत झालेले असते, फक्त साल आणि अक्षरे वाचता येतात. त्यावरचे 'फाइन', त्यात ठळक रेषा शिल्लक असतात. 'व्हेरी फाइन' मध्ये झीज फक्त उंच भागांवर. 'एक्स्ट्रीमली फाइन' मध्ये ती भिंगाने शोधावी लागते. आणि 'अनसर्क्युलेटेड' म्हणजे जे टांकसाळीतून निघून व्यवहारात फिरलेच नाही. एकाच सालचे, एकाच टांकसाळीचे दोन रुपये. एक 'गुड' आणि दुसरा 'अनसर्क्युलेटेड' असेल, तर पहिल्याला चांदीचा भाव मिळतो आणि दुसऱ्याला त्याच्या कितीतरी पट.

अमेरिकेत विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये नाण्यांसाठी १ ते ७० गुणांची पट्टी सुचवली. १९८६ व १९८७ मध्ये तेथे अशा संस्था निघाल्या, की ज्या नाणे तपासून, गुण देऊन ते प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करतात. १९९१ पासून हीच रीत बेसबॉल खेळाडूंच्या चित्रांच्या पत्त्यांनाही लागू झाली. त्यांना १ ते १० गुण देतात. पूर्वी असे पत्ते सिगारेटच्या पाकिटात किंवा च्युइंगगमबरोबर मिळत, म्हणजे ती पोरांची चैन. पण मिकी मँटल या खेळाडूचा १९५२ चा एक पत्ता ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकला गेला. त्याला ९.५ गुण होते. तोच पत्ता कोपरे दुमडलेला, सुरकुतलेला असता, तर या रकमेचा अगदी लहानसा अंशच मिळाला असता. कागद तोच, चित्र तेच. किंमत वाढली ती कोणीतरी तो जपला म्हणून.

आपल्या घरातील रीत आणि दर्जा

आता आपल्याकडे वळू. आमच्या घरी आजीच्या डब्यात सात रुपये आहेत. या अभ्यासासाठी मी ते भिंगाखाली पाहिले आणि वजन करून घेतले. एक १८४० चा, दोन १८६२ चे, एक १९०७ चा, दोन १९१८ चे आणि एक १९४४ चा. दोन्ही १९१८ च्या रुपयांवर खालच्या कमळाजवळ बारीक ठिपका आहे. म्हणजे ते आपल्या मुंबईच्या टांकसाळीचे. १८४० च्या आणि एका १८६२ च्या रुपयाला वर डाख देऊन कडी बसवलेली आहे, कारण एकेकाळी ते गळ्यातील माळेत ओवलेले होते. उरलेले पाच लक्ष्मीपूजनाला दरवर्षी चिंच आणि रांगोळी लावून घासले जातात. संग्राहकाच्या दृष्टीने सातही नाण्यांचा दर्जा गेलेला आहे.

हे वाचून वाईट वाटेल, पण त्यामागचे शास्त्र समजून घेतले पाहिजे. चांदीवर हवेतील गंधकामुळे काळसर थर चढतो. आपल्याला तो मळ वाटतो. जाणकाराला तो नाण्याच्या वयाचा पुरावा वाटतो. चिंचेचा आंबटपणा तो थर काढतो, आणि रांगोळीचे कण नाण्याच्या अंगावर सूक्ष्म ओरखडे पाडतात. नाणे चमकते, पण टांकसाळीने दिलेली झळाळी कायमची जाते. म्हणून ज्याला नाणे संग्राहकाला दाखवायचे असेल, त्याने ते मुळीच घासू नये, कडेने धरावे आणि कोरड्या जागी एकेक वेगळ्या कागदी पाकिटात ठेवावे.

मी हे सांगितले तेव्हा आजी म्हणाली, "बाबा, ते विकायला थोडेच ठेवलेत? लक्ष्मीला काळं नाणं कसं दाखवायचं?" तिचे म्हणणे मला खोडता आले नाही. पूजेतल्या नाण्याचे काम वेगळे, संग्रहातल्या नाण्याचे वेगळे. मात्र पूजेला कोणते नाणे घ्यायचे आणि कोणते तसेच ठेवायचे, हे आधी पाहून ठरवता येते. घासल्यानंतर ठरवता येत नाही.

अस्सल आणि नक्कल

तिसरी कसोटी अस्सलपणाची. वजन ११.६६ ग्रॅमच्या आसपास नसेल, अक्षरे बोथट असतील, कडेला ओतकामाची रेघ दिसत असेल, तर संशय घ्यावा. रामदरबार किंवा हनुमान कोरलेली, १८१८ साल आणि 'यू. के. एक आणा' असे लिहिलेली तांब्याची नाणी सर्रास विकली जातात. अशी नाणी ईस्ट इंडिया कंपनीने कधी पाडली नाहीत. तांदूळ ओढून घेणारे चमत्कारी नाणे ही तर निव्वळ लबाडी होय.

याहून मोठी फसवणूक फोनवर चालते. मागील बाजूस ट्रॅक्टर असलेली पाच रुपयांची नोट लाखाला जाते, असा निरोप फिरतो. आमच्या चाळीतील एका काकूंनी त्यावर विश्वास ठेवला. प्रथम नोंदणीचे, मग कराचे, मग पाठवणीचे असे तीनदा पैसे मागण्यात आले. पोळ्या लाटून साठवलेले चार हजार रुपये गेले आणि नोट घरीच राहिली. वास्तविक ती नोट अमाप संख्येने छापलेली होती. जुन्या नाण्यानोटांच्या खरेदीविक्रीशी आपला काही संबंध नाही आणि त्यासाठी आपण कधीही शुल्क वा कमिशन मागत नाही, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले आहे. खरा गिऱ्हाईक पैसे देतो, आधी मागत नाही, एवढे एकच सूत्र काकूंना कोणी सांगितले असते तर!

कायद्याच्याही दोन गोष्टी ध्यानात असाव्यात. जमिनीत सापडलेले धन १८७८ च्या कायद्यानुसार कलेक्टरला कळवावे लागते. आणि शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. ते परवान्यावाचून परदेशी पाठवता येत नाही.

उपसंहार

सारांश, दुर्मिळता, दर्जा, अस्सलपणा आणि घेणाऱ्याची गरज या चार गोष्टींवर किंमत ठरते. ज्यांना अधिक पाहायचे असेल, त्यांनी फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेने २००४ मध्ये उघडलेल्या नाणेसंग्रहालयाची माहिती घ्यावी. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही नाण्यांचा मोठा संग्रह आहे.

शेवटी माझ्या विद्यार्थी मित्रांना एक विनंती. आपल्यापैकी अनेकांच्या घरी आपणच पहिले कॉलेजात आलो आहोत. घरातील वडीलधाऱ्यांना साल वाचता येत नाही, फोनवरचा गोड आवाज मात्र ऐकू येतो. तेव्हा या सुट्टीत ट्रंक उघडा, नाणी पाहा, प्रत्येकावरचे साल, वजन आणि ते कोणाकडून आले हे एका वहीत लिहून ठेवा. लाख रुपये बहुधा निघणार नाहीत. पण घरचे कोणी फसणार नाही. पूर्वीची माणसे रुपया दगडावर वाजवून घेत. आपण बातमीही तशीच वाजवून घ्यावी.